उसनी अवघडता : महाडची कुणबी बोली आणि जपानीचे अध्यापन

प्रा. अमृत माधव घाटगे यांनी मराठीच्या बोलींची जी पाहणी हाती घेतली होती, तिचा तिसरा भाग 'कुणबी ऑफ महाड' या नावाने १९६६ साली प्रसिद्ध झाला. दक्षिण कानड्यातील कोंकणी (१९६३) आणि कुडाळी (१९६५) यांच्यानंतरचा हा भाग. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. जिल्ह्याचे नाव रायगड व्हावयास अजून पंधरा वर्षे होती. सावित्रीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याच्या तोंडची भाषा भाषाशास्त्राच्या काटेकोर पद्धतीने टिपावी, तिचे ध्वनी व रूपे मांडावी, नमुन्याचे उतारे व शब्दसंग्रह द्यावा, हे काम त्या काळी थोड्यांनाच महत्त्वाचे वाटत असेल. प्राकृतांचा व्यासंग आणि डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाचे संपादन यांसाठी घाटगे यांची कीर्ती आहे; परंतु हे लहानसे पुस्तक मला त्यांच्या मोठ्या कामांइतकेच मोलाचे वाटते. त्याचे एक न्यून मात्र पहिल्यापासून त्याच्याबरोबर आहे. ते इंग्रजीत आहे. ज्याची बोली त्यात वर्णिली आहे त्याला, किंवा त्याला शिकविणाऱ्या शाळामास्तराला, त्याचा उपयोग होण्याचा संभव त्यामुळे प्रारंभीच कमी झाला. एखाद्याच्या घराचा नकाशा काढावा आणि तो त्याला वाचता न येणाऱ्या लिपीत लिहून ठेवावा, तसे काहीसे झाले.

या पुस्तकाची आज आठवण होण्याचे कारण वरवर पाहता त्याच्याशी काहीच संबंध नसलेले आहे. ते म्हणजे जपानी भाषेचे अध्यापन.

जानेवारी २०२१ मध्ये भारत व जपान यांच्यात 'विशिष्ट कुशल कामगारां'विषयी करार झाला. तेव्हापासून जपानी शिकण्याकडे केवळ अभियंते व अनुवादकच नव्हे, तर साधे शालेय शिक्षण झालेली तरुण मंडळीही वळू लागली आहेत. महाड किंवा पोलादपूर येथील विद्यार्थ्याला त्यासाठी वरंध घाट चढून पुण्याला यावे लागते, नाहीतर महामार्गाने मुंबई गाठावी लागते. तेथे त्याच्या हाती जे व्याकरण पडते ते बहुधा इंग्रजीत असते. म्हणजे घरी कुणबी, शाळेत प्रमाण मराठी, वर्गात इंग्रजी आणि इंग्रजीच्या पलीकडे जपानी, असा त्याचा प्रवास होतो. या प्रवासातील इंग्रजीचा मुक्काम निरुपद्रवी आहे असे आपण सगळेच गृहीत धरून चाललो आहोत. तो तसा नाही, असे मला वाटते. इंग्रजी भाषकाला जपानी ज्या ठिकाणी अवघड जाते, त्या सर्व ठिकाणची अवघडता आपला विद्यार्थी विनाकारण उसनी घेतो. आणि त्याची स्वतःची जी खरी अवघड स्थळे आहेत, ती इंग्रजी पुस्तकाला ठाऊकच नसल्यामुळे अंधारात राहतात.

जपानी अवघड आहे, ही कीर्ती कोणी पसरविली हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने निरनिराळ्या भाषा शिकण्यास लागणारा काळ ठरविला आहे. त्यात जपानी सर्वांत कठीण गटात असून तिच्यासाठी सुमारे ८८ आठवडे व २२०० तास सांगितले आहेत. हा आकडा आपल्याकडील वर्गांतही अधूनमधून ऐकू येतो. पण तो कोणाचा? इंग्रजी ही जन्मभाषा असलेल्या अमेरिकन अधिकाऱ्यांचा. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, संबंधदर्शक शब्द नामाच्या आधी न येता मागून येतात, कर्ता गाळला तरी वाक्य उभे राहते, या गोष्टी अंगवळणी पडण्यास त्यांना जे तास खर्चावे लागतात, ते पोलादपूरच्या मुलाने तिसऱ्या वर्षी आपल्या आजीच्या मांडीवरच भरून टाकलेले असतात.

हे मोघम बोलणे झाले. आता प्रत्यक्ष पुस्तकाकडे वळू. १९९८ साली प्रथम निघालेले 'मिन्ना नो निहोंगो' हे पाठ्यपुस्तक आपल्याकडे पुष्कळ वर्गांत वापरले जाते. त्याचे प्राथमिक पाठ पन्नास, दोन भागांत विभागलेले. मुख्य पुस्तक संपूर्ण जपानीत असून व्याकरणाच्या टिपा वेगवेगळ्या भाषांतून स्वतंत्र खंडांत दिल्या आहेत. रचना विचारपूर्वक केलेली आहे, उदाहरणे रोजच्या व्यवहारातली आहेत, आणि अनेक देशांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकविण्याची सोय त्यात आहे. हा गुण मान्य करूनच पुढील टीका वाचावी. या पुस्तकाच्या तिसाव्या पाठात क्रियापदाच्या 'ते'कारान्त रूपापुढे 'ओकु' हे क्रियापद येते आणि इंग्रजी टीप सांगते की, पूर्वतयारी म्हणून एखादी गोष्ट करणे असा याचा अर्थ होतो. चाळिसाव्या पाठात त्याच रूपापुढे 'मिरु' येते. तेथे, एखादी गोष्ट प्रयोगादाखल करणे, असा अर्थ सांगितला आहे. विद्यार्थी दोन्ही सूत्रे वहीत उतरवितो, पाठ करतो आणि परीक्षेत त्यांची अदलाबदल करतो.

आता 'ओकु' म्हणजे ठेवणे आणि 'मिरु' म्हणजे पाहणे. 'काइते' म्हणजे लिहून. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे, 'काइते मिरु' म्हणजे लिहून पाहणे. याहून अधिक काय सांगावयाचे आहे? 'मोत्ते कुरु' हे 'घेऊन येणे', 'मोत्ते इकु' हे 'घेऊन जाणे'. एकोणतिसाव्या पाठातील 'ताबेते शिमाउ' याला इंग्रजीत अर्धे पान लागते. मराठीत 'खाऊन टाकणे' म्हटले की काम झाले, आणि त्यातील हळहळ किंवा सुटकेची छटाही बरोबर येते. इंग्रजीत ही ऊन-प्रत्ययान्ताची सोय नाही, म्हणून तिला प्रत्येक जोडीसाठी निराळे सूत्र बांधावे लागते. चाळिसाव्या पाठापर्यंत थांबण्याचे आपल्या विद्यार्थ्याला कारण नाही. 'ते'रूप शिकल्याच्या दुसऱ्या दिवशी या साऱ्या जोड्या एका बैठकीत त्याच्या हाती देता येतील. कॉलिन मसिका यांनी १९७६ साली 'डिफायनिंग अ लिंग्विस्टिक एरिया' या ग्रंथात भारतीय भाषांची जी लक्षणे तपासली, त्यांत हे ऊनवाचक रूप व ही संयुक्त क्रियापदे आहेतच, आणि त्यांचा माग काढीत ते मध्य आशियातून थेट जपानपर्यंत गेले. जपानच्या राष्ट्रीय भाषासंस्थेत अध्यापन केलेले प्रशांत परदेशी यांनी तर मराठी व जपानी रचनांची तुलना प्रत्यक्ष केली आहे. तेव्हा हा शोध माझा नव्हे. तक्रार एवढीच की, संशोधकांना ठाऊक असलेली गोष्ट टिपांच्या वहीपर्यंत उतरलेली नाही.

याहून वाईट प्रकार 'ते इरु' या रूपाचा होतो. येथे इंग्रजी केवळ लांबचा रस्ता दाखवीत नाही, तर चुकीच्या गावी नेऊन सोडते. इंग्रजी वाचक या रूपाला प्रथम चालू वर्तमानकाळ समजतो, कारण 'ताबेते इरु' म्हणजे 'खात आहे' हे खरेच आहे. आपला विद्यार्थी इंग्रजीतला तो काळ मराठीत उतरवितो आणि 'किते इरु' याचा अर्थ 'येत आहे' असा करतो. पाहुणा दारात उभा असतो आणि हा म्हणतो की तो वाटेवर आहे. 'किते इरु' म्हणजे 'आला आहे'. 'सुवात्ते इरु' म्हणजे 'बसला आहे'. मराठीत आपण खुर्चीवरच्या माणसाला 'बसत आहे' म्हणत नाही, 'बसला आहे' म्हणतो, आणि जपानी माणूसही मनात नेमके तेच धरतो. क्रिया पुरी होऊन तिची स्थिती उरते, ही जाण इंग्रजी भाषकाला कष्टाने मिळवावी लागते. मराठी विद्यार्थी ती घेऊनच वर्गात येतो, आणि वर्ग ती त्याच्याकडून काढून घेतो.

तीच गोष्ट कर्त्याची. 'निहोंगो गा देकिरु' हे वाक्य इंग्रजीतून 'मी जपानी बोलू शकतो' असे समजले की, मग 'मी' कोठे गेला, भाषेला 'गा' का लागला, असे प्रश्न पडत राहतात. 'मला जपानी येते' असे म्हटले की एकही प्रश्न उरत नाही. मौज अशी की 'देकिरु' हे क्रियापद मुळात 'बाहेर येणे' या अर्थाच्या जुन्या जोड-क्रियापदावरून आले आहे. म्हणजे जपान्यालाही भाषा 'येतेच'. 'यामा गा मिएरु' म्हणजे डोंगर दिसतो. इंग्रजीत मात्र तेथे डोंगर पाहू शकणारा एक 'मी' उभा करावा लागतो. ही कर्त्याची सक्ती दोन्ही भाषांच्या व्याकरणकारांना जाचली आहे. शाळेत गणित शिकविणाऱ्या मिकामी अकिरा यांनी १९६० मध्ये 'झोऽ वा हाना गा नागाइ' (हत्ती म्हटला की सोंड लांब) या नावाचे पुस्तक लिहून, पाश्चात्त्य व्याकरणातील 'कर्ता' ही कल्पना जपानीवर लादू नये असे प्रतिपादिले. १९६४ मध्ये अरविंद मंगरूळकरांनी 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' मांडला, तोही परक्या चौकटींत मराठी कोंबण्याविषयीच्या अशाच असमाधानातून. एकमेकांची नावेही कदाचित न ऐकलेल्या या दोन गृहस्थांचे दुखणे एक होते. त्यांनी जी चौकट काढून टाकावी म्हणून लेखणी झिजविली, तीच चौकट मधे ठेवून आपण आज एकाची भाषा दुसऱ्याला शिकवितो.

ध्वनींच्या बाबतीत हा उसनेपणा कानांनाच ऐकू येतो. आपण 'टोकियो', 'क्योटो', 'टोयोटा' म्हणतो. जपानी 'त' दन्त्य आहे, आपल्या 'ताक'मधल्यासारखा. तो इंग्रजांच्या तोंडून आपल्याकडे आला आणि इंग्रजी 't' आपल्या कानाला 'ट' वाटतो, म्हणून तोक्यो शहराचे मूर्धन्य टोकियो झाले. शिवाय 'क्यो' हे जोडाक्षर, जे आपल्याला मुळीच कठीण नाही, इंग्रजीच्या सोयीसाठी फुटून 'कियो' बनले. २००४ च्या डिसेंबरातील समुद्रप्रकोपानंतर वृत्तपत्रे 'त्सुनामी' लिहू लागली. इंग्रजांकडे तो ध्वनी नाही, म्हणून त्यांनी दोन अक्षरे जोडली. आपल्याकडे तो 'चुना' आणि 'चूल' यांच्या प्रारंभी रोज उच्चारला जातो. जपानी वर्णमालेच्या त-ओळीत इकारापूर्वी तालव्य 'चि' येतो आणि उकारापूर्वी दन्त्य 'चु'. इंग्रजी पुस्तक याची 'अपवाद' म्हणून नोंद करते. मराठी 'चिंच' या एकाच शब्दात पहिला च तालव्य व दुसरा दन्त्य आहे; 'जिरे' आणि 'जुना' यांत तोच भेद. (एकारापुढे हा मेळ तुटतो, हे सांगितले पाहिजे, 'जेवण'मधला ज जपानी 'झे'सारखा नाही.) स-ओळीत सा, शि, सु, से, सो असा क्रम का, हा प्रश्नही असाच. म्हैस, पण म्हशी; पैसा, पैसे, पण पैशाने. एकारापुढे स राहतो आणि इकारापुढे त्याचा श होतो, हा नियम न सांगता पाळणारा विद्यार्थी समोर बसलेला असताना त्याला अपवादाची यादी पाठ करावयास लावणे हे आश्चर्यच म्हणावे. ती वर्णमालाही अखेर बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी जपानात नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून आपल्या वर्णक्रमाने लागलेली आहे. अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. यात च-वर्गाच्या जागी स आणि प-वर्गाच्या जागी ह (जो पूर्वी प होता) एवढे ओळखले की आपली बाराखडी दिसू लागते.

येथे घाटगे यांच्या पुस्तकाचा संबंध येतो. आतापर्यंतची उदाहरणे प्रमाण मराठीतली होती. पण महाड-पोलादपूरकडील विद्यार्थी घरी प्रमाण मराठी बोलतोच असे नाही. कोकणातील व घाटावरील ग्रामीण बोलींत 'विस्तवा'चा 'इस्तव' होतो, 'विचारा'चा 'इचार', 'वेळे'ची 'येळ', 'एक'चा 'येक'. शाळेत यासाठी मुलांनी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. आता जपानी पाहा. तिच्यात एके काळी 'वि' आणि 'वे' ही अक्षरे होती. त्यांतला व झिजून गेला आणि १९४६ च्या लेखनसुधारणेने ती चिन्हेही व्यवहारातून गेली. आज व-ओळीत 'वा' तेवढा नीट उच्चारला जातो. एकाराचा उच्चार पूर्वी 'ये' असा होत असे. युरोपीयांनी तो ऐकला तसा लिहिला, म्हणून जपानी लोक ज्याला 'एन' म्हणतात त्या नाण्याला जग, आणि आपणही, 'येन' म्हणतो. इकार-एकारापूर्वी व टिकू नये आणि एकारामागे य उमटावा, या दोन्ही गोष्टी जपानी भाषेने केल्या. त्या अशुद्ध नव्हत्या, तो भाषेचा इतिहास होता. 'येळ' म्हणणाऱ्या मुलीला 'येन' या शब्दाची ही हकीकत सांगितली तर तिला जपानी किती येईल हे मी सांगू शकत नाही, पण आपली बोली अज्ञानाची खूण नव्हे हे तिला कळेल. बोलीचे वर्णन उपलब्ध आहे, जपानी ध्वनींचे वर्णन उपलब्ध आहे. दोन्ही इंग्रजीत, दोन कपाटांत.

याचा अर्थ मराठी भाषकाला जपानी सोपी आहे असा कोणी करू नये. अशी फुशारकी मारणारी पुस्तिका निघाली तर ती इंग्रजी टिपांपेक्षाही अधिक नुकसान करील. व्यवहारातील २१३६ कांजी चिन्हे सर्वांना सारखीच छळतात. एका चिन्हाची दोन वाचने असतात ती हात आणि हस्त, पाणी आणि जल यांच्यासारखी आहेत, एवढेच आपल्याला समजावून देता येते, पाठांतर वाचत नाही. पण जी खास आपली संकटे आहेत त्यांच्याविषयी अधिक सांगितले पाहिजे, कारण ती कोणत्याच इंग्रजी पुस्तकात सापडणार नाहीत.

पहिले संकट स्वरांच्या लांबीचे. आपण ऱ्हस्व-दीर्घाचे भांडण शंभर वर्षे घालीत आलो म्हणून आपल्याला लांबी कळते असे वाटते. वास्तविक मराठी उच्चारात इकार-उकारांची लांबी पुष्कळशी शब्दातील स्थानावरून ठरते; अन्त्य असला की दीर्घ, हे लेखनाच्या नियमानेही मान्य केले आहे. म्हणून आपण 'सुशी' लिहितो आणि शेवट ओढतो. जपानी शब्दात दोन्ही स्वर आखूड आहेत. 'युकि' म्हणजे हिम आणि 'यूकि' म्हणजे धैर्य. लांबीने अर्थ बदलतो. ए आणि ओ यांना तर आपल्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ भेदच नाही. आणि आकाराची गंमत अशी की, जपानी ऱ्हस्व 'आ' आपण काना देऊनच लिहितो, कारण काना न दिल्यास 'ओबसान'चे 'ओब्सान' होईल. मग दीर्घासाठी चिन्ह उरत नाही, आणि मावशी व आजी दोघीही 'ओबासान' होतात. द्वित्ताचा प्रश्न, ज्यावर इंग्रजी पुस्तके इतकी शाई खर्च करतात, तो 'पता' आणि 'पत्ता' वेगळे म्हणणाऱ्याला नाही. देवनागरीत टिपा काढणाऱ्याने पहिल्या पानावर दीर्घाचे एक निश्चित चिन्ह ठरवावे लागेल; मी येथे अवग्रह वापरला आहे, तो सर्वोत्तम आहे असे नाही.

दुसरे संकट आदराचे, आणि ते अधिक खोल आहे. इंग्रजी टिपा आदरार्थी रूपांची ओळख अगदी शेवटी, एकोणपन्नास व पन्नासाव्या पाठांत, एक नवलाची वस्तू म्हणून करून देतात. मराठी विद्यार्थ्याला त्यात नवल वाटत नाही. तू, तुम्ही, आपण यांच्यावर तो वाढलेला असतो, आणि सर्वनाम टाळून 'काका, बसा', 'सर, येणार का?' असे म्हणणे त्याला आपोआप जमते. इंग्रजी 'यू'चा पर्याय म्हणून 'अनाता' शिकविले नाही तर तो जपानी रीतीच्या पुष्कळच जवळ असतो. पण नेमका येथेच घात होतो. मराठीत आदर व्यक्तीला चिकटलेला असतो. वडील माझे असोत की दुसऱ्याचे, ऐकणारा घरचा असो की परका, मी 'बाबा आले आहेत' असेच म्हणेन. 'बाबा आला आहे' म्हणणे मला अनेक घरांत उद्धटपणा वाटेल. जपानीत आदर कोण कोणाशी बोलतो यावर फिरतो. परक्यासमोर स्वतःचे वडील 'ओतोऽसान' राहत नाहीत, 'चिचि' होतात, आणि त्यांच्या असण्याला आदरार्थी 'इराश्शारु' न लावता विनयाचे 'ओरु' लावावे लागते. कचेरीत बाहेरच्याचा दूरध्वनी आला तर आपल्याच साहेबांचे नाव 'सान' न लावता घ्यावयाचे. सुसंस्कृत मराठी घरातला मुलगा जितका अधिक सुसंस्कृत, तितका तो येथे हटकून चुकतो, आणि त्याची चूक जपानी कानाला आपल्याच माणसांचा बडेजाव केल्यासारखी लागते. इंग्रजी भाषक येथे फारसा चुकत नाही, कारण त्याच्यापाशी मोडावयाची सवयच नसते. देण्याच्या क्रियापदांतही आपल्या बाजूला येणारे देणे 'कुरेरु' आणि आपल्याकडून जाणारे 'आगेरु' अशी हीच आत-बाहेरची भिंत आहे. आपले एकटे 'देणे' ती ओलांडून दोन्हीकडे जाते.

यावर एक आक्षेप येईल व तो हलका नाही. पुण्या-मुंबईच्या वर्गांत सगळे मराठीच असतात असे नाही; शिक्षकाने चार भाषांतल्या टिपा कोठून आणाव्या? शिवाय नोकरीसाठी इंग्रजी लागतेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु ऊन-प्रत्यय, 'मला येते'ची रचना आणि संयुक्त क्रियापदे हिंदीत, गुजरातीत, कानडीतही थोड्याफार फरकाने आहेत. तेथेही इंग्रजीपेक्षा जवळची वाट आहे. भेद पडतो तो ध्वनींत, आणि ध्वनी वर्गाबाहेर, छापील दोन पानांवरही दाखविता येतात. उलट्या दिशेनेही हे काम होण्यासारखे आहे. मराठी शिकणाऱ्या जपानी माणसाला तीन लिंगे, ट आणि त, क आणि ख, र-ल-ळ हे सारे कठीण जाते. पण 'लिहून ठेव' त्याला समजावून सांगावे लागत नाही.

असे दोन पानांचे परिशिष्ट तयार करावयाचे झाल्यास त्याचा आरंभ कोठून करावा, हा प्रश्न मी विभागातील विद्यार्थ्यांपुढे ठेवू इच्छितो. माझा कौल 'चिचि' आणि 'ओतोऽसान' यांच्या बाजूने आहे. 'लिहून पाहणे' विद्यार्थी उशिरा का होईना स्वतःच शोधून काढतो. वडिलांविषयीची चूक त्याला कोणी दाखवून देत नाही, कारण ऐकणारा जपानी गृहस्थ सभ्यपणाने गप्प बसतो.